नळाची दोन टोके आणि भिंत

तानसा तलावाचे पाणी पंपाविना मुंबईकडे जाते. शहापूर तालुक्यातले हे धरण १८९२ साली पुरे झाले, आणि तेव्हापासून पाण्याला ढकलणारी शक्ती एकच आहे : तलाव उंचावर आहे आणि शहर सखल. नळ किती रुंद, किती लांब, कोणत्या धातूचा एवढे कळले तरी त्यातून किती पाणी जाईल हे सांगता येत नाही. त्यासाठी आणखी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : तलावाची पातळी, शहराकडच्या टोकाची पातळी आणि नळाच्या आतल्या भिंतीची अवस्था. नळातल्या प्रवाहाचे संगणकावर सिम्युलेशन करणारे अभियंते या गोष्टींना ‘सीमा-अटी’ म्हणतात. त्या कशा निवडायच्या हे शास्त्र संगणकापेक्षा पुष्कळ जुने आहे. दोन शतके नळ टाकणाऱ्या आणि पाणी मोजणाऱ्या माणसांनी ते चुका करत करत उभे केले.

सीमा-अटींची गरज मुळात समीकरणांच्या स्वभावातून येते. शहापूर तालुक्यातल्याच वाशिंदजवळून वाहणारी भातसा नदी, पिसे येथे पंपाच्या तोंडात शिरणारे तिचेच पाणी आणि तानसाच्या नळातला प्रवाह या तिन्हींना एकच समीकरणे लागू पडतात. पाण्याचा एक कण शेजारच्या कणाला कसा ढकलतो आणि कसा अडवतो एवढेच ती सांगतात. पाणी कुठून आले, कुठे निघाले, कशाला घासून गेले याबद्दल ती गप्प असतात. नदी आणि नळ यांत फरक पडतो तो सगळा कडेला, म्हणून कडेची माहिती चुकली की आतले उत्तर कितीही दशांशांपर्यंत काढले तरी चूकच राहते.

या शास्त्राचा एक मोठा वस्तुपाठ वाशिंदच्या आसपासच पसरलेला आहे. १८६० मध्ये मुंबईसाठी विहार तलाव पुरा झाला, १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. पण वाढत्या शहराला साष्टी बेटावरचे पाणी पुरेना. मग शहराने खाडी ओलांडून माहुलीच्या डोंगरापलीकडे तानसा नदीवर धरण बांधले. अभियंता होते डब्ल्यू. जे. बी. क्लार्क, उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांनी केले. पुढे १९१५, १९२५ आणि १९४८ असे तानसाचे टप्पे वाढत गेले. १९५७ मध्ये वैतरणेवर धरण झाले आणि त्याच्या जलाशयाला अभियंता एन. व्ही. मोडक यांच्या नावावरून मोडकसागर म्हणू लागले. ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा यांनी ही साखळी पुरी केली. ज्या तालुक्यातून हे पाणी निघते, त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकर येतो. पाणी कुठून सुटते याइतकेच ते कुणाच्या दारात उतरायचे, हेही कुणीतरी ठरवलेले असते, याची ही रोकडी साक्ष आहे.

१८९२ ची तानसा वाहिनी एकसारखी नव्हती. डोंगरउतारावर ती दगडी बांधणीची झाकलेली नहर होती, आणि दरी लागली की ४८ इंची बिडाच्या नळातून पाणी खाली उतरून पलीकडे वर चढे. सीमा-अटींच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. नहरीत पाण्याला मोकळा पृष्ठभाग असतो, तिथे दाब हवेचाच, म्हणजे आधीच ठरलेला. पाण्याची उंची तेवढी शोधायची असते. भरून वाहणाऱ्या नळात उलट होते. पाण्याची जागा ठरलेली असते आणि दाब शोधायचा असतो. एकाच वाहिनीत दहा पावलांवर ज्ञात आणि अज्ञात आपली जागा बदलतात. १९२५ च्या टप्प्यात ७२ इंची पोलादी नळ आले. आज पालिकेच्या सूचनांत ‘१८०० मिलिमीटर व्यासाची तानसा पूर्व’ आणि ‘तानसा पश्चिम’ या नावांनी मुंबईकर ज्या जलवाहिन्या वाचतात, त्यांचा व्यास हाच.

सर्वांत जास्त वाद भिंतीवरून झाला. नळाच्या भिंतीला टेकलेले पाणी भिंतीवरून घसरते की तिला चिकटून राहते? फ्रान्समध्ये द्यु ब्युआ याने १७८६ मध्ये मंद प्रवाहात ते थांबलेलेच असते असे लिहून ठेवले होते. १८०० च्या सुमारास कूलाँब याने एक साधा प्रयोग केला. तारेला टांगलेली धातूची तबकडी पाण्यात आडवी ठेवून त्याने ती पीळ देऊन सोडली आणि तिचे हेलकावे किती वेळात विरतात ते पाहिले. मग तबकडीला चरबी फासली, त्यावर दगडाची बारीक पूड भुरभुरवली आणि पुन्हा मोजले. हेलकावे जवळजवळ तसेच विरले. घर्षण तबकडी आणि पाणी यांच्यात असते तर चरबीने फरक पडला असता. तो पडला नाही, म्हणजे घर्षण पाण्याच्याच एका थरात आणि दुसऱ्या थरात होते, आणि पहिला थर तबकडीबरोबर फिरत होता.

एवढे झाले तरी गोष्ट मिटली नाही. नाविए याने १८२२ मध्ये श्यान द्रवाची समीकरणे मांडली तेव्हा भिंतीवर पाणी काही प्रमाणात घसरते अशीच अट घातली. स्टोक्सने १८४५ मध्ये पाणी चिकटते असे धरून नळाचा हिशेब केला, पण तो बोस्यू आणि द्यु ब्युआ यांच्या मोजमापांशी जुळेना, म्हणून तोही घुटमळला. त्याची अट बरोबर होती. ज्या मोजमापांशी त्याने ताळा घेतला ती खळबळत्या प्रवाहाची होती आणि हिशेब शांत, थराथराने सरकणाऱ्या प्रवाहाचा होता. १८५१ पर्यंत त्याने चिकटण्याच्या अटीवर शिक्कामोर्तब केले.

निर्णायक पुरावा पॅरिसच्या एका वैद्याकडून आला. केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते हे समजावे म्हणून पॉइसेय याने १८३८ पासून केसासारख्या बारीक काचनळ्यांतून पाणी सोडले. नळीचा व्यास दुप्पट केला की त्याच दाबाखाली सोळापट पाणी येते, म्हणजे प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो, हे त्याने मोजून दाखवले. जर्मनीत हागेनलाही १८३९ मध्ये पितळी नळ्यांत तेच सापडले. पाणी भिंतीवर घसरत असते तर हिशेबात तिसऱ्या घाताचेही एक पद आले असते आणि नळी जितकी बारीक तितके ते ठळक झाले असते. पॉइसेयच्या सर्वांत बारीक नळ्यांतही त्याचा मागमूस नव्हता. भिंतीवर वेग शून्य ही आज प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आपोआप लागणारी अट अशी कमावलेली आहे. अतिविरळ वायू आणि अतिसूक्ष्म नळ्या सोडल्या तर तिच्यात हात घालण्याचे कारण पडत नाही.

तानसाच्या नळात मात्र एवढ्यावर भागत नाही. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळात रंगाची बारीक धार सोडून दाखवले की ठरावीक मर्यादेपर्यंत ती धाग्यासारखी सरळ राहते, आणि मग एकाएकी विस्कटून सगळे पाणी रंगवते. ही मर्यादा ठरवणारा रेनॉल्ड्स अंक साधारण २००० च्या खाली असला तर प्रवाह शांत राहतो. १८०० मिलिमीटरच्या नळात प्रवाह शांत ठेवायचा तर पाणी सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही हळू जावे लागेल. सेकंदाला दीड मीटर वेग धरला तर हा अंक ३० लाखांच्या पुढे जातो. अशा प्रवाहात भिंतीचा प्रभाव कुठवर पोहोचतो हे लुडविग प्रांटलने १९०४ मध्ये सीमास्तराच्या कल्पनेने स्पष्ट केले. ज्या नळात उंच माणूसही जवळजवळ ताठ उभा राहील, त्यात भिंतीला धरून राहणारा शांत थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो.

तेवढ्या बारीक थरापर्यंत गणनेची जाळी विणणे परवडत नाही. म्हणून लाँडर आणि स्पाल्डिंग यांनी १९७४ मध्ये रूढ केलेली ‘भिंत-फलने’ वापरतात. जाळीचा पहिला बिंदू त्या थराच्या बाहेर ठेवायचा आणि मधली दरी ज्ञात नियमाने भरून काढायची. इथे नवशिक्याची एक चूक नेहमी होते. पहिला बिंदू ना थराच्या आत, ना पुरेसा बाहेर, असा मध्येच पडतो, आणि भिंतीवरचे घर्षण चुकीचे निघते. जाळी आखण्याआधी या अंतराचा अंदाज कागदावर काढावा.

भिंतीचा खडबडीतपणा हाही सीमा-अटीचाच भाग. डार्सीने १८५७ मध्ये निरनिराळ्या नळांवरचे प्रयोग प्रसिद्ध करून जुना गंजलेला नळ आणि नवा नळ एकाच सूत्रात बसत नाहीत हे सिद्ध केले. निकुराडसेने १९३३ मध्ये नळांना आतून मोजून घेतलेली वाळू चिकटवून खडबडीतपणाला आकडा दिला. पाणीपुरवठ्याच्या खात्यांत त्याआधीपासून, १९०५ पासून, हॅझेन–विल्यम्स सूत्राचा ‘सी’ चालत आला आहे. नव्या बिडाच्या नळाला तो सुमारे १३० धरतात. वर्षानुवर्षे गंजाच्या गाठी धरलेल्या नळात तो ८० वर उतरला, तर तेवढ्याच उतारावर पाणी जेमतेम ६० टक्के जाते. पोलादी नळाला आतून सिमेंटचे अस्तर देतात ते गंज रोखण्यासाठी आणि ही भिंत गुळगुळीत राखण्यासाठी. जुन्या नळाच्या सिम्युलेशनमध्ये कारखान्याच्या तक्त्यातला खडबडीतपणा भरणे म्हणजे चाळीस वर्षांचा गंज पुसून टाकणे. प्रत्यक्ष दाब दोन ठिकाणी मोजून तो आकडा उलट काढावा.

आता आत येणारे टोक. इथे तीन प्रकारची माहिती देता येते : वेग, एकूण प्रवाह किंवा एकूण दाब. कोणती द्यायची याची कसोटी एकच, त्या जागी प्रत्यक्षात काय ठरलेले आहे. तानसाच्या तोंडाशी वेग कुणीच ठरवलेला नाही, पातळी ठरलेली आहे. म्हणून तिथे एकूण दाब द्यावा आणि वेग उत्तरातून येऊ द्यावा. एकूण दाब म्हणायचे कारण असे की तलावातले स्थिर पाणी नळात शिरताना वेग घेते आणि तेवढा दाब गमावते. सेकंदाला दीड मीटरसाठी ही घट सुमारे ११ सेंटिमीटर पाण्याएवढी. पंपाच्या पुढे मीटर बसवलेला असेल तर प्रवाहाचा आकडा देणे योग्य.

वेग दिला तर तो नळाच्या छेदावर कसा पसरला आहे हेही सांगावे लागते. सगळीकडे सारखा वेग देणे सोपे, पण खऱ्या नळात मध्यभागी वेग जास्त आणि कडेला कमी असतो. सपाट वेगाने सुरुवात केली तर खरा आकार येईपर्यंत खळबळत्या प्रवाहाला व्यासाच्या २० ते ४० पट लांबी लागते. १८०० मिलिमीटरच्या नळात ३६ ते ७२ मीटर. तेवढी लांबी मॉडेलमध्ये घ्यावी, किंवा आधी एका छोट्या तुकड्यात बाहेर पडलेला वेग पुन्हा आत सोडत राहून तयार झालेला आकार उचलावा. खळबळीची तीव्रताही सांगावी लागते. इतक्या मोठ्या रेनॉल्ड्स अंकाला पूर्ण विकसित प्रवाहात ती अडीच टक्क्यांच्या आसपास असते. आत येणाऱ्या टोकाच्या जरा अलीकडे वळण असेल तर हे सगळे अंदाज कोसळतात, कारण वळणानंतर पाणी दोन भोवऱ्यांत पिळले जाते. अशा वेळी टोकच मागे न्यावे आणि वळण मॉडेलमध्ये घ्यावे.

बाहेर जाणाऱ्या टोकाची गोष्ट सांगताना एका पुणेकराचे नाव घ्यावेच लागते. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ मध्ये पुण्यात झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदवी आणि मुंबईच्या आयआयटीतून १९६४ मध्ये एम.टेक. घेऊन ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात स्पाल्डिंग यांच्याकडे गेले. पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी १९७२ मध्ये ‘सिंपल’ ही पद्धत प्रसिद्ध केली. वेग आणि दाब एकमेकांवर अवलंबून असतात आणि दाबासाठी वेगळे समीकरण नसते, ही जुनी अडचण तिने सोडवली : दाबाचा अंदाज करायचा, वेग काढायचा, पाण्याचा हिशेब जुळला नाही तर दाब सुधारायचा, आणि हेच जुळेपर्यंत चालू ठेवायचे. १९८० चे त्यांचे पुस्तक या विषयाच्या विद्यार्थ्यांनी जगभर वाचले. प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही याच पद्धतीची वंशावळ चालते.

त्या पुस्तकातल्या दोन गोष्टी नळाच्या टोकांसाठी फार मोलाच्या आहेत. पहिली : पाणी जोरात बाहेर जात असेल तर खालच्या बाजूची खबर वर पोहोचत नाही, म्हणून तिथे वेगाबद्दल काही सांगण्याची गरजच नसते, आत आलेले तेवढे बाहेर गेले पाहिजे एवढे पुरते. मात्र टोकाच्या छेदावर पाणी कुठेही उलटे शिरता कामा नये. व्हॉल्व्हच्या किंवा वळणाच्या लगेच पुढे छेद घेतला तर ते शिरतेच, म्हणून बाहेरचे टोक सरळ नळात, पुरेसे पुढे नेऊन ठेवावे.

दुसरी : न दबणाऱ्या द्रवात दाबाला स्वतःची किंमत नसते, दाबातल्या फरकालाच असते. दोन्ही टोकांना वेग दिला तर प्रवाह निघेल, पण दाब अधांतरी राहील. कुठेतरी एका बिंदूला दाबाचा आकडा ठोकून द्यावा लागेल. शिवाय दोन्हीकडचे प्रवाह तंतोतंत सारखे नसतील तर उत्तरच अस्तित्वात नसते. मुंबईचे पाणीखाते हेच तत्त्व पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहे. तलावांच्या पातळ्या ‘टाउन हॉल डेटम’ या मुंबईच्या स्वतःच्या शून्यापासून मोजतात, आणि तो शून्य समुद्रसपाटीच्या बराच खाली धरलेला आहे. शून्य कुठेही धरा, पाण्याला काही फरक पडत नाही. सगळी टोके एकाच शून्याने मोजलेली असली पाहिजेत. एक टोक समुद्रसपाटीने आणि दुसरे या शून्याने मोजले तर नळात वीसहून अधिक मीटरचा खोटा उतार तयार होतो.

आत वेग आणि बाहेर दाब ही जोडी सर्वांत स्थिर. एखाद्या वळणाने किंवा व्हॉल्व्हने किती दाब खाल्ला हे पाहायचे असेल तर ती घ्यावी. दोन्हीकडे दाब ही जोडी गणनेला जड जाते, पण नळातून किती पाणी जाईल या प्रश्नाला तीच खरी. एकाच टोकाला वेगही आणि दाबही देऊ नये. एक दिला की दुसरा गणितानेच द्यायचा असतो.

वेळेनुसार बदलणारी टोके वेगळ्याच धोक्याची. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यात नळ फुटत होते म्हणून झुकोव्हस्कीने १८९७-९८ मध्ये मोठ्या लांबीच्या नळांवर प्रयोग केले. व्हॉल्व्ह झटकन बंद केला की दाबाची लाट पाण्यातून सेकंदाला हजार मीटरच्या आसपास वेगाने मागे धावते, असे त्याला आढळले. सेकंदाला दीड मीटरने जाणारे पाणी असे अडवले तर दाब सुमारे १५० मीटर पाण्याएवढा चढतो. तानसा तलाव तुडुंब भरला तरी शहराला एवढी उंची मिळत नाही. दहा किलोमीटरच्या तुकड्यात ही लाट जाऊन परत यायला २० सेकंद लागतात, आणि व्हॉल्व्ह त्याहून कमी वेळात बंद झाला तर तो बंद होणे ‘झटकन’च ठरते. चावीवाला मोठी चावी सावकाश, फेरी मोजत फिरवतो यामागे हेच गणित आहे. सिम्युलेशनमध्ये व्हॉल्व्हच्या टोकाला ‘उघडा’ किंवा ‘बंद’ एवढे लिहून भागत नाही; किती सेकंदांत किती मिटला याचा तक्ता द्यावा लागतो.

नळाच्या उंच जागी बसवलेला एअर व्हॉल्व्ह ही तर स्वतःची अट बदलणारी सीमा आहे. नळ भरताना तो हवा बाहेर सोडतो. नळ रिकामा होताना आतला दाब हवेपेक्षा कमी झाला की तो उघडून हवा आत घेतो. नाहीतर मोठ्या व्यासाचा पातळ पोलादी नळ बाहेरच्या हवेनेच चेपला जाईल. दाब जास्त असेतो हा व्हॉल्व्ह भिंतीसारखा वागतो, कमी झाला की मोकळ्या टोकासारखा. हा बदल मॉडेलमध्ये घेतला नाही तर नळात प्रत्यक्षात संभवतच नाही इतका उणा दाब उत्तरात दिसू लागतो.

वाशिंदजवळून जाणारी भातसा ही या सगळ्यात निराळी वाहिनी, कारण मुंबईचे सुमारे निम्मे पाणी धरणापासून नदीच्या पात्रातूनच खाली येते. पिसे येथे बंधारा घालून ते अडवतात आणि पंपांनी पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्राकडे चढवतात. तानसाच्या नळाला तलावाची पातळी जशी, तशी पिसेच्या पंपांना बंधाऱ्याची पातळी. ती उतरली तर पंप तेच राहूनही पाणी कमी उचलतात. बंधाऱ्याच्या झडपेतल्या रबरी फुग्याला गळती लागली म्हणून मार्च २०२४ मध्ये पातळी उतरवून दुरुस्ती करावी लागली, आणि मुंबईच्या पाण्यात कपात झाली. नळ जागचा हलला नव्हता, पंपही शाबूत होते. बदलली होती ती एका टोकाची अट.

पावसाळ्यात मुंबईची वर्तमानपत्रे सात तलावांच्या सकाळच्या पातळ्या रोज छापतात. तानसाच्या ओळीत १२८.६३ मीटर हा आकडा आला की तलाव भरून वाहू लागतो.